मंचापासून किती पावलं?

उच्च शिक्षणासाठी मुलं अमेरिकेला गेली आहेत अशा मराठी घरांत कॉलेज स्टेशन हे नाव ओळखीचं असतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं हे गाव ह्यूस्टनहून मोटारीने दीडेक तासावर आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा विषय निघाला की ते हटकून येतं. संगीताच्या गप्पांत मात्र कधी येत नाही. वास्तविक अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा श्रोता पन्नास वर्षांत कुठून कुठे येऊन पोचला हे बघायचं, तर याच गावातल्या दोन जलशांपासून सुरुवात करावी लागते.

पहिला जलसा जुलै १९७४ मधला. गावाबाहेर टेक्सास वर्ल्ड स्पीडवे नावाचं मोटारशर्यतींचं मैदान होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलैला, तिथे कंट्री गायक विली नेल्सनची ‘फोर्थ ऑफ जुलै पिकनिक’ सुरू झाली आणि तीन दिवस चालली. टेक्सासचा जुलै म्हणजे भाजून काढणारं ऊन. त्यातच वाहनतळावर आग लागली आणि काही मोटारी जळून गेल्या. त्यांतली एक होती रॉबर्ट अर्ल कीन या अठरा वर्षांच्या मुलाची. पुढे हाच मुलगा टेक्सास ए अँड एममध्ये इंग्रजी शिकला, गीतकार-गायक म्हणून नावारूपाला आला, आणि १९९७ मध्ये त्याने जो अल्बम काढला त्याचं नावच ‘पिकनिक’ ठेवलं. मुखपृष्ठावर छायाचित्र होतं त्या जळत्या मोटारीचं.

दुसरा जलसा १५ जून २०२४ चा. विद्यापीठाच्या काइल फील्ड या फुटबॉल स्टेडियममध्ये कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट गायला. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांची संख्या होती १,१०,९०५. ग्रेटफुल डेड या रॉक वाद्यवृंदाने न्यू जर्सीतल्या रेसवे पार्कमध्ये १९७७ साली केलेला १,०७,०१९ चा विक्रम त्या रात्री मोडला. एका कलावंताच्या तिकीट लावून झालेल्या कार्यक्रमाला अमेरिकेत तोवर इतकी माणसं कधीच जमली नव्हती.

कंट्रीचा इतिहास बहुधा मंचावरून लिहिला जातो. कुणी कधी कुठलं गाणं गायलं, कुणाच्या किती तबकड्या खपल्या, कुणाला कुठला मान मिळाला, याच्या याद्या तयार आहेत. हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने हा इतिहास पाहिला, तर एक साधं माप हाती लागतं: त्याच्या जागेपासून गायक किती पावलांवर होता? आणि गाणं संपल्यावर ती पावलं चालून जायची त्याला मुभा होती का?

रविवारची गाणी

१९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर हा व्हिक्टर कंपनीचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आला. आजूबाजूच्या डोंगरांतली माणसं वाद्यं घेऊन त्याच्याकडे आली. त्यांत कार्टर कुटुंब होतं, जिमी रॉजर्स होता. कंट्रीच्या धंद्याची खरी पायाभरणी या दोघांच्या तबकड्यांनी झाली. त्याआधी दोन वर्षं नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर शनिवारचा एक कार्यक्रम सुरू झाला होता. तोच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून देशभर पोचला. फिडल, बँजो, गिटार यांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या या गाण्यांत शेत होतं, चर्च होतं, रेल्वे होती, दारू होती आणि मोडलेले संसार होते. शहरी लोक त्याला ‘हिलबिली’ म्हणत, आणि त्या म्हणण्यात हेटाळणी असे.

रेडिओवर गाऊन नाव व्हायचं, पोट भरायचं नाही. गायक रेडिओवरून पुढच्या आठवड्याचे मुक्काम जाहीर करायचा आणि मग मोटारीवर वाद्यं बांधून गावोगाव निघायचा. त्याची कमाई या दौऱ्यांवर असे. याच गरजेतून उत्तरेकडच्या राज्यांत ‘कंट्री म्युझिक पार्क’ नावाचा प्रकार रुजला.

उत्तरेत तो का रुजला, याचं कारण स्थलांतरात आहे. अॅपलाचियन डोंगरातली लाखो माणसं मंदीत आणि पुढे महायुद्धाच्या काळात कारखान्यांच्या शोधात बाल्टिमोर, डेट्रॉइट, सिनसिनाटी अशा शहरांकडे गेली. गिरणगावातल्या चाकरमान्यांनी भजनं आणि शक्ती-तुरा यांच्या रूपाने कोकण लालबाग-परळला आणलं, तशीच या कामगारांनी डोंगरातली गाणी आपल्याबरोबर नेली. पेनसिल्व्हेनियात वेस्ट ग्रोव्हजवळ १९४० साली सनसेट पार्क सुरू झालं. तिथून जवळच, मेरीलँडमधल्या रायझिंग सन गावापाशी, पन्नासच्या दशकात न्यू रिव्हर रँच उभी राहिली. ती चालवणारी भावंडं, ओला बेल रीड आणि अॅलेक्स कॅम्पबेल, स्वतःच नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅश परगण्यातून आलेली. त्या परगण्यातून वाहणाऱ्या नदीचं नाव त्यांनी आपल्या उद्यानाला दिलं.

या उद्यानांत थाटमाट काही नव्हता. झाडीतला एक लाकडी मंच आणि समोर फळ्यांची बाकं. रविवारी सकाळी कुटुंबं जेवणाच्या टोपल्या घेऊन यायची. एकच गायक दिवसातून दोन-तीनदा गायचा, आणि मधल्या वेळात मंचाच्या कडेला बसून स्वतःची छायाचित्रं आणि गाण्यांची पुस्तकं विकायचा. चाहता त्याच्याशी बोलायचा, सही घ्यायचा, गावाकडची ओळख काढायचा. मंचापासूनचं अंतर दहा-वीस पावलांचं, आणि ते ओलांडायला कुणाची परवानगी लागत नसे. उलट चाहत्याने ते ओलांडावं अशीच गायकाची इच्छा असे, कारण पुस्तक विकलं गेलं तर पेट्रोलचे पैसे सुटायचे.

पन्नासच्या दशकात शहरांतले सुशिक्षित तरुणही या बाकांवर दिसू लागले. माइक सीगर आणि राल्फ रिंझलर टेपरेकॉर्डर घेऊन यायचे आणि गायक-मॅन्डोलिनवादक बिल मन्रोसारख्यांचे कार्यक्रम टिपून ठेवायचे. त्या काळातली कितीतरी गाणी आज ऐकायला मिळतात ती अशाच चाहत्यांच्या टेपांमुळे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाहून दोन मित्र मोटारीने हीच गाणी टिपायला निघाले. त्यांतला एक होता जेरी गार्सिया. सनसेट पार्कच्या आवारात त्याची गाठ मॅन्डोलिनवादक डेव्हिड ग्रिसमनशी पडली आणि पुढे दोघांनी बरंच काही एकत्र वाजवलं. गार्सियाने ग्रेटफुल डेड काढला, आणि पुढे त्या वाद्यवृंदाने आपल्या श्रोत्यांना कार्यक्रम टेप करायची मोकळीक दिली. ती दिलदारी बहुधा या लाकडी बाकांवरच शिकलेली असावी.

वाहनतळावरची मैफल

१९६५ च्या सप्टेंबरात कार्लटन हॅनी या संयोजकाने व्हर्जिनियातल्या फिनकॅसल गावच्या एका घोड्यांच्या फार्मवर तीन दिवसांचा महोत्सव भरवला. बँजो, फिडल, मॅन्डोलिन यांच्यावर उभ्या असलेल्या ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेचा हा अनेक दिवस चाललेला पहिला महोत्सव मानला जातो. बिल मन्रोच्या वाद्यवृंदातून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाहेर पडलेले कलाकार हॅनीने पुन्हा त्याच्याबरोबर मंचावर उभे केले. दोन वर्षांनी मन्रोने स्वतः इंडियानातल्या बीन ब्लॉसम इथल्या आपल्या जागेवर महोत्सव सुरू केला. तो आजही भरतो.

ब्लूग्रासच्या महोत्सवात एक गोष्ट अशी दिसते की ती इतर संगीतप्रकारांत क्वचितच सापडते. श्रोत्यांपैकी मोठा वर्ग वाद्य घेऊनच आलेला असतो. तंबू आणि मोटारी यांच्या मधल्या जागेत पाच-सहा अनोळखी माणसं गोल करून उभी राहतात. कुणीतरी सूर सांगतो, गाण्याचं नाव सांगतो, आणि वाजवणं सुरू होतं. प्रत्येकाला एकेक फेरी एकट्याने वाजवायला मिळते. नवशिक्याने कडेला उभं राहून फक्त ताल धरला तरी चालतं. पुढच्याच्या फेरीत मध्ये घुसणं मात्र असभ्य समजतात. याला ते लोक ‘पार्किंग लॉट पिकिंग’ म्हणतात. मंचावरचा शेवटचा कार्यक्रम आटोपला तरी ही वर्तुळं पहाटेपर्यंत चालू असतात. तीन दिवसांचं तिकीट काढून मंचाकडे फारसं न फिरकणारेही बरेच असतात.

बीन ब्लॉसमला सूर्यास्ताच्या सुमाराला मन्रो स्वतः आपलं मॅन्डोलिन घेऊन अशा हौशी वादकांच्या घोळक्यात उभा राहायचा. ज्याच्या वाद्यवृंदाच्या नावावरून एका संगीतप्रकाराला नाव मिळालं, त्याच्या शेजारी उभं राहून चुकतमाकत वाजवण्याची संधी शेतकऱ्याला आणि ट्रकचालकाला मिळत असे. इथे मंचापासूनचं अंतर शून्य पावलांवर आलं होतं.

विलीची पिकनिक

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये वेगळंच काही घडत होतं. १९७० च्या डिसेंबरात नॅशव्हिलजवळचं विली नेल्सनचं घर जळालं आणि तो आपल्या मूळ राज्यात परतला. नॅशव्हिलच्या कंपन्यांना तो गीतकार म्हणून हवा होता. त्याचं तालाच्या मागेपुढे रेंगाळणारं गाणं त्यांना विकता येत नव्हतं. ऑस्टिनमध्ये त्याला लांब केस राखलेली, रॉक ऐकून वाढलेली कॉलेजातली पोरं भेटली. नॅशनल गार्डच्या जुन्या शस्त्रागारात ‘आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स’ नावाचं जलशांचं सभागृह सुरू झालं होतं. तिथे ऑगस्ट १९७२ मध्ये नेल्सन गायला, तेव्हा ती पोरं आणि रुंद टोप्यांचे रँचवाले एकाच जमिनीवर उभे होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्टिनजवळच्या ड्रिपिंग स्प्रिंग्ज इथे एका रँचवर तीन दिवसांचा मोठा जलसा झाला होता. बिल मन्रो, रॉय एकफ, लोरेटा लिन, मर्ल हॅगर्ड असे दिग्गज आले. श्रोते मात्र अपेक्षेच्या मानाने फारच कमी आले आणि संयोजकांचं दिवाळं वाजलं. नेल्सन त्या जलशात गायला होता. त्याने त्यातून वेगळाच धडा घेतला. १९७३ च्या ४ जुलैला त्याच रँचवर त्याने स्वतःची पिकनिक भरवली. वेलन जेनिंग्ज, क्रिस क्रिस्टॉफरसन, लिऑन रसेल गायला आले, आणि या वेळी गर्दी हजारोंनी लोटली. रस्ते तुंबले, पाणी कमी पडलं, वीज दगा देत राहिली. गाण्याच्या प्रेमापोटी लोकांनी ते सगळं सोसलं. पुढच्या वर्षी हीच पिकनिक कॉलेज स्टेशनला गेली.

त्या पिकनिकांबद्दल आज जिव्हाळ्याने लिहिलं जातं, पण त्या सुखाच्या नव्हत्या. सावली नाही, स्वच्छतागृहं अपुरी, दारू मुबलक. गावकऱ्यांना हा लोंढा नकोसा वाटे. १९७६ मध्ये गॉन्झालेस इथल्या पिकनिकला स्थानिकांनी जोरदार विरोध केला आणि नंतर कोर्टकज्जेही झाले. तरीही चाहते येत राहिले, कारण इथे त्यांना कुणी रांगेत बसवत नव्हतं. ज्यांची रोजच्या आयुष्यात एकमेकांशी मारामारीच व्हायची, असे हिप्पी आणि गावरान टेक्सासी लोक एकाच बर्फपेटीतून बिअर काढत होते. १९७५ मध्ये टेक्सासच्या सिनेटने ४ जुलै हा ‘विली नेल्सन दिवस’ जाहीर केला. १९७६ च्या ‘वाँटेड! द आउटलॉज’ या अल्बमला प्लॅटिनमचा मान मिळाला. कंट्रीच्या अल्बमला तो प्रथमच मिळत होता. ज्याला नॅशव्हिल विकू शकत नव्हतं, त्याला या उघड्या माळावरच्या श्रोत्यांनी उचलून धरलं होतं.

याच माळावरून आणखी एक धागा निघाला. १९८० च्या दशकात व्याजदर चढले, जमिनींचे भाव कोसळले आणि अमेरिकेतल्या हजारो शेतकरी कुटुंबांच्या जमिनी कर्जापायी गेल्या. २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमधल्या शँपेन इथे नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकँप यांनी ‘फार्म एड’ हा जलसा केला. सुमारे ८०,००० लोक पावसाची पर्वा न करता आले. ज्यांच्या आयुष्याची गाणी हे गायक गात होते, त्यांच्यासाठीच पैसा उभा करण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो तेव्हापासून जवळपास दरवर्षी होत आला आहे.

सहीसाठी रांग

नॅशव्हिलच्या धंद्याचं चाहत्यांशी असलेलं नातं मात्र व्यवहाराचंच होतं. दर ऑक्टोबरात ऑप्रीच्या वाढदिवसानिमित्त देशभरचे रेडिओ निवेदक तिथे जमत. ते धंद्याचं संमेलन होतं. पण कुठल्या हॉटेलात कोण गायक उतरला आहे याचा सुगावा लागून चाहतेही त्यात शिरायला लागले. गर्दीला आवर घालण्यासाठी संयोजकांनी १९७२ च्या एप्रिलमध्ये चाहत्यांसाठी वेगळाच मेळावा भरवला. त्याचं नाव ‘फॅन फेअर’. पहिल्या वर्षी सुमारे ५,००० जण आले. म्हणजे ज्या मेळाव्याला आज चाहत्यांचा सन्मान म्हणून मिरवलं जातं, तो जन्मला त्यांना धंद्याच्या खोलीतून बाहेर काढण्यासाठी.

या मेळाव्याला जीव दिला तो चाहता-मंडळांनी. कोलोराडोतल्या वाइल्ड हॉर्स या चिमुकल्या वस्तीत राहणाऱ्या लाउडिला, लोरेटा आणि के या जॉन्सन बहिणींनी साठच्या दशकात लोरेटा लिनचं चाहता-मंडळ चालवलं. लोरेटा लिन स्वतः नवऱ्याबरोबर मोटारीने रेडिओ केंद्रांची दारं ठोठावत पुढे आलेली. तिला या बहिणींची पत्रं, त्यांची वार्तापत्रं आणि त्यांनी जमवलेले पत्ते यांची किंमत कळत होती. पुढे या बहिणींनी अनेक गायकांच्या मंडळांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. त्या संघटनेचा कार्यक्रम वर्षानुवर्षं फॅन फेअरचा ठरलेला भाग होता.

१९८२ पासून हा मेळावा टेनेसीच्या राज्य जत्रा मैदानावर भरू लागला. जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या शेडमध्ये गायकांचे गाळे लागत आणि जूनच्या दमट उकाड्यात चाहते तासन्‌तास रांगेत उभे राहत. १९९६ मध्ये गार्थ ब्रूक्स तिथे पूर्वसूचना न देता आला. तो तेव्हा अमेरिकेतला सर्वाधिक खपणारा गायक होता. तो सह्या देत बसला आणि २३ तास १० मिनिटं उठला नाही. कंट्रीच्या चाहत्यांत ही गोष्ट आजही सांगितली जाते. तिच्यात जाहिरातीचा भाग होताच, पण न्यू रिव्हर रँचच्या कडेला बसून छायाचित्रं विकणाऱ्या गायकाचा वारसाही होता.

२००१ मध्ये मेळावा शहराच्या मध्यभागी आला आणि रात्रीचे मोठे कार्यक्रम कंबरलँड नदीकाठच्या स्टेडियममध्ये होऊ लागले. २००४ पासून त्याचं नाव ‘सीएमए म्युझिक फेस्टिव्हल’ झालं. कलाकार इथे आजही मानधन घेत नाहीत आणि उत्पन्नाचा काही भाग शाळांतल्या संगीतशिक्षणासाठी जातो, ही त्याची जमेची बाजू.

हिरवळ सर्वांची नव्हती

चाहत्यांच्या या आपलेपणाला एक काळी किनार आहे आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत आणलं. कार्टर कुटुंबातल्या ए. पी. कार्टरबरोबर गाणी गोळा करत हिंडणारा लेस्ली रिडल कृष्णवर्णीय होता. गायक हँक विल्यम्सला गिटार शिकवणारा रूफस पेन कृष्णवर्णीय होता. ऑप्रीच्या सुरुवातीच्या काळातला लाडका माउथ ऑर्गनवादक डीफोर्ड बेली कृष्णवर्णीय होता. दौऱ्यावर असताना त्याच्या सहकाऱ्यांना मिळणारं हॉटेल त्याला मिळत नसे. १९४१ मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्याला मान दिला तो २००५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तबकड्यांच्या कंपन्यांनी वीसच्या दशकातच गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’ आणि काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ अशी कपाटं वेगळी केली होती, आणि श्रोतेही त्याच कपाटांत वाटले गेले.

उघड्यावरच्या जलशांत ही वाटणी डोळ्यांना दिसायची. मोटारींच्या मागे, तंबूंवर, टी-शर्टवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा असे. त्या झेंड्यांमधून चालत जाऊन आवडतं गाणं ऐकणं कृष्णवर्णीय चाहत्याला किती जड जात असेल, याचा विचार संयोजकांनी फार उशिरा केला. सीएमए फेस्ट आणि कॅलिफोर्नियातला स्टेजकोच या दोन्ही मोठ्या महोत्सवांनी या झेंड्यावर बंदी घातली ती २०२२ मध्ये. त्याआधी एक वर्ष होली जी या नावाने लिहिणाऱ्या एका कृष्णवर्णीय चाहतीने ‘ब्लॅक ऑप्री’ सुरू केली होती. कंट्री ऐकणारी आपल्यासारखी माणसं आहेत तरी कुठे, या शोधातून तिची सुरुवात झाली आणि पाहता पाहता कृष्णवर्णीय कंट्री कलाकारांचा दौरा उभा राहिला. हिरवळ खुली करून घेण्याचं काम इथेही एका श्रोतीनेच केलं.

वादळ आणि गोळ्या

उघड्यावर बसणारा श्रोता हवामानाच्या आणि संयोजकाच्या हवाली असतो. १३ ऑगस्ट २०११ रोजी इंडियाना राज्याच्या जत्रेत शुगरलँड या जोडीचं गाणं सुरू होण्याआधी वादळाचा झोत आला आणि मंचावरचा दिव्यांचा आणि ध्वनियंत्रणांचा अवजड सांगाडा श्रोत्यांवर कोसळला. ७ जण दगावले. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: सांगाडा बांधकामाच्या नियमांत बसत नव्हता, आणि मैदान रिकामं करण्याचा निर्णय नेमका कुणी घ्यायचा हे ठरलेलं नव्हतं. या जलशात बळी गेलेल्यांत मंचाच्या सर्वांत जवळ उभे असलेले चाहते होते.

१ ऑक्टोबर २०१७ ची रात्र याहून भीषण होती. लास व्हेगासमध्ये ‘रूट ९१ हार्वेस्ट’ महोत्सवाचा शेवटचा कार्यक्रम चालू होता. सुमारे २२,००० लोक मैदानात होते आणि जेसन ऑल्डीन गात होता. समोरच्या हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून एका माणसाने दहाएक मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. नंतर जखमांनी दगावलेले धरून ६० जणांचा मृत्यू झाला, शेकडो जखमी झाले. चारही बाजूंनी कुंपण असलेल्या मोकळ्या मैदानात लपायला जागा नव्हती. चाहत्यांनीच कुंपणं पाडली, हाताला लागतील त्या ट्रकांमधून जखमींना रुग्णालयात पोचवलं.

कंट्रीच्या जगात बंदुकीचा विषय नाजूक समजला जातो. त्या रात्री मंचावर वाजवून गेलेला गिटारवादक केलेब कीटर आयुष्यभर बंदूक बाळगण्याच्या हक्काचा समर्थक होता. दुसऱ्याच दिवशी त्याने आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं. असं बोलणारे थोडेच निघाले. हल्लेखोराने बंदुकीला जोडलेल्या ‘बम्प स्टॉक’ या उपकरणावर सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. चाहत्याच्या वाट्याला आली ती पारदर्शक पिशवी, धातुशोधक कमान आणि मंचापासून आणखी लांब सरकलेलं कुंपण.

जवळीक विकत मिळते

आता पुन्हा काइल फील्डकडे. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये गायक वरच्या रांगेतून बोटाच्या पेराएवढा दिसतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्याला गाणं जवळपास एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतं. हा घोळ टाळण्यासाठी मागच्या ध्वनिक्षेपकांना आवाज मुद्दाम उशिरा सोडायला लावतात. एवढं करूनही वरच्या रांगेतला श्रोता मुख्यतः पडदाच पाहत असतो. जॉर्ज स्ट्रेटने यावर आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. त्याचा मंच मैदानाच्या मधोमध असतो, चार कोपऱ्यांना चार मायक्रोफोन असतात, आणि तो दर दोन गाण्यांनंतर पुढच्या कोपऱ्यावर जातो. प्रत्येक बाजूला निदान पाव वेळ त्याचा चेहरा दिसतो. जवळीक शक्य नसेल तर ती सारखी वाटावी, असा हा शेतकरी घरातल्या माणसाचा हिशेब आहे.

इतरत्र मात्र जवळीक दरपत्रकावर चढली. पूर्वी चाहता-मंडळाच्या सभासदाला किंवा रेडिओ केंद्राच्या चिठ्ठीवर गायकाला भेटता येई. आता अनेक दौऱ्यांत भेट, छायाचित्र आणि मंचासमोरची जागा यांचे वेगळे भाव असतात, आणि मागणी चढली की भावही चढतो. २०१० मध्ये लाइव्ह नेशन ही संयोजक कंपनी आणि तिकिटं विकणारी टिकेटमास्टर एक झाल्या. मक्तेदारीचा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२४ मध्ये त्यांच्यावर खटला दाखल केला.

या दरांविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलला तो ओक्लाहोमात वाढलेला, नौदलातून आलेला झॅक ब्रायन. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोलोराडोतल्या रेड रॉक्स या खडकांमधल्या खुल्या रंगमंडलात तो बर्फ पडत असताना गायला. साडेनऊ हजार माणसं बर्फात उभी राहून त्याच्याबरोबर गात होती. त्या कार्यक्रमाचा अल्बम त्याने नाताळच्या दिवशी काढला आणि त्याच्या नावातच टिकेटमास्टरबद्दलचा राग उघड केला. पुढच्या वर्षीचा दौरा त्याने त्या कंपनीला वगळून केला, तिकिटांच्या फेरविक्रीवर बंधनं घातली. त्यानंतरच्या दौऱ्यात टिकेटमास्टरकडे परत जाण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मिशिगन स्टेडियममध्ये त्याच्या कार्यक्रमाला १,१२,४०८ श्रोते आले आणि स्ट्रेटचा विक्रम मोडला. व्यवस्थेविरुद्ध गाणारा माणूस त्याच व्यवस्थेचा सर्वांत मोठा आकडा ठरला. यात ब्रायनचा दोष काढण्यात अर्थ नाही. लाखभर लोकांना एकाच रात्री एका जागी ऐकवायचं असेल, तर ती यंत्रणा फार थोड्यांच्या हातात आहे.

हिशेब

शतकभराचा हा पट पाहिला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. कंट्रीचे गायक श्रोत्याच्या जवळ होते, याचं श्रेय त्यांच्या साधेपणाला देण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. जवळ जाणं ही त्यांची गरज होती. रेडिओ पैसे देत नव्हता, कंपन्या फसवत होत्या, म्हणून पुस्तक विकत घेणारा, घरी जेवायला बोलावणारा, पत्र लिहिणारा श्रोता हाच त्यांचा आधार होता. नेल्सनला नॅशव्हिलने नाकारलं तेव्हा तो माळावर गेला तोही याच कारणाने. ज्या कलाकाराची ही गरज संपली, त्याच्यापुरती जवळीक एक तर सद्‌भावना झाली, नाही तर विक्रीची वस्तू. ब्रूक्सचे २३ तास हे पहिल्याचं उदाहरण, मंचासमोरच्या महागड्या तिकिटांचा पट्टा हे दुसऱ्याचं. श्रोत्यांची गर्दी हे मोजमाप घेतलं तर कंट्री आज शिखरावर आहे. पावलांचं मोजमाप घेतलं तर ते मागे गेलं आहे, आणि चाहत्यांनी हे निमूटपणे मान्य करू नये.

जिथे ती गरज अजून शिल्लक आहे, तिथे जुनी रीतही शिल्लक आहे. व्हर्जिनियाच्या नैऋत्य कोपऱ्यात हिल्टन्स नावाचं गाव आहे. १९२७ मध्ये ब्रिस्टलला गायलेल्या ए. पी. आणि सारा कार्टर यांच्या मुलीने, जॅनेटने, वडिलांना दिलेल्या शब्दाखातर १९७० च्या दशकात तिथे ‘कार्टर फॅमिली फोल्ड’ ही जागा उभी केली. डोंगराच्या उतारावर बांधलेली, बाजूंनी उघडणारी मोठी शेड. विजेवर चालणारी वाद्यं इथे वाजवायची नाहीत, दारू आणायची नाही. वाद्यांच्या नियमाला सूट मिळाली ती घरचा जावई जॉनी कॅशला. कार्टर घराण्यातली जून ही त्याची बायको, आणि तिच्या निधनानंतर काही आठवड्यांनी, ५ जुलै २००३ रोजी, कॅश श्रोत्यांसमोर शेवटचं गायला तेही इथेच. मंचासमोर नाचायला लाकडी जमीन आहे. म्हाताऱ्या बायका टाचांना लोखंडी पट्ट्या लावलेले बूट घालून येतात आणि गायकापासून चार पावलांवर नाचतात.

सुट्टीत अमेरिकेला मुलांकडे जाणारे आपल्यातले कितीतरी जण नायगारा, लास व्हेगास आणि डिस्नेलँड पाहून परततात. जमलं तर एक शनिवार हिल्टन्ससाठी राखून ठेवा; संध्याकाळी साडेसातला कार्यक्रम सुरू होतो. आणि जूनमध्ये तिकडे असाल, तर बीन ब्लॉसमला वाहनतळावरून एक चक्कर मारा. पेटी किंवा बासरी वाजवता येत असेल तर बरोबर न्या. सूर विचारला की लोक बाजूला सरकून जागा देतात.